रंज

आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास काय असतो, हे ज्याने घेतला त्यालाच ठाऊक. मुले गणित, विज्ञान, इतिहास उर्दूत शिकतात, घरात दखनी बोलतात, मोंढ्यात आणि बसस्टँडवर मराठी बोलतात. पण बाजारात घडाघडा बोलली जाणारी तीच मराठी पुस्तकात दिसली की त्यांची दातखीळ बसते. त्या दिवशी आम्ही फळ्यावर 'रंजले-गांजले' हा जोडशब्द लिहिला आणि अर्थ विचारला.

(इथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकट्याच. घरात 'हम' म्हणायची रीत आहे, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा पाहू नये.)

पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठला. "आपा, रंजले म्हणजे ज्यांचे मनोरंजन झाले." वर्ग हसला. खरे तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते, मुलाने डोके चालवले होते. आम्ही त्याला बसवणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. ही मुलगी कधी बोलत नाही. वडील मोंढ्यात हमाली करतात. ती अर्धवट उभी राहून म्हणाली, "आपा, जिनको रंज हुआ, वो."

आम्ही खडू हातात धरून तसेच उभे राहिलो. हेच वाक्य आम्ही एकदा भर वर्गात बोललो होतो आणि त्याबद्दल ऐकून घेतले होते.

बी.एड.च्या वर्षातली गोष्ट. आमच्या दोन अध्यापन पद्धतींपैकी एक मराठी होती. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलीने मराठी घेतली याचेच तिथे नवल. सराव पाठासाठी आम्ही रात्री जागून पाठ टाचण काढले आणि त्यात 'रंजले' या शब्दापुढे लिहिले, 'उर्दूतील रंज, म्हणजे दुःख, याच्याशी नाते'. पाठ झाला. निरीक्षणाला बसलेल्या प्राध्यापकांनी टाचणातल्या त्या ओळीवर लाल शाईची रेघ मारली आणि शेजारी 'असंबद्ध' असे लिहिले. एवढ्यावर थांबले असते तर विसरूनही गेलो असतो. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुकोबांच्या तोंडी तुमची उर्दू कशाला घालता?" मैत्रिणी हसल्या. काही आमच्याच होत्या. आम्हीही हसलो. अशा वेळी माणूस हसतोच.

माणूस वाईट नव्हता. मराठीवर त्यांचे प्रेम होते आणि शिकवायचेही छान. पण 'तुमची' हा शब्द लागला. उर्दू आमची, तुकोबा त्यांचे, अशी वाटणी त्यांनी एका वाक्यात करून टाकली. त्या दिवसापासून हा शब्द आम्ही मनात धरून बसलो. वाचताना कुठे भेटला की थांबायचे, विचारायचे, वहीत टिपायचे.

'रंज' मूळचा फारसी. फारसीत त्याचा अर्थ केवळ मनाचे दुःख असा नाही. त्यात आधी कष्ट आहेत, अंगमेहनत आहे. 'दस्तरंज' म्हणजे हाताच्या कष्टाची कमाई. 'रंजबर' म्हणजे कष्टकरी. कष्टाने शरीर मोडले की माणूस 'रंजूर' होतो, आजारी होतो. फारसी कवींना 'रंज' आणि 'गंज' यांचे यमक फार आवडते. गंज म्हणजे खजिना. कष्टाशिवाय खजिना नाही, हे सांगायला त्यांना हे दोन शब्द शेजारी ठेवले की पुरते. आमच्याकडे मात्र गंज चढतो तो लोखंडाला. असो.

हा शब्द उर्दूत आला तेव्हा त्याने घाम पुसून टाकला. उर्दूत "आज मी शेतात रंज केला" असे कोणी म्हणणार नाही. तिथे रंज होतो तो मनाला. कोणी मेले, कोणी दुरावले, कोणी लागेल असे बोलले की रंज. त्याचीच बहीण 'रंजिश'. पण बहिणींचे स्वभाव वेगळे. रंज म्हणजे दुःख. रंजिश म्हणजे ज्याने दुःख दिले त्याच्याविषयी मनात बसलेली अढी. अहमद फराज यांची, मेहदी हसन यांनी गायलेली जी गझल सगळ्यांना माहीत आहे, ती याच शब्दाने सुरू होते. तिथे ही रंजिश प्रेमातल्या रुसव्याची आहे. खेड्यातल्या बांधावरची रंजिश इतकी गोड नसते. ती कोर्टात जाते.

उर्दूत दुःखाला शब्द कमी नाहीत. 'गम' अरबीतून आला. त्याच्या धातूत झाकण्याचा अर्थ आहे. ढगाला अरबीत 'गमाम' म्हणतात तो त्याच घराण्यातला. गम माणसावर ढगासारखा पसरतो. आपल्या घरांत 'गमी' म्हणजे मयत, घरात कोणी वारले तो प्रसंग. शादी आणि गमी, या दोन्हींना गेले नाही तर नातेवाईक बोल लावतात. म्हणजे गमीला लोक जमतात, पंगत बसते, पुरुष कब्रस्तानात जातात, बायका घरी कुराणखानी करतात. रंजाला कोणी जमत नाही. तो ज्याचा त्याचा.

मराठीकडे वळलो तर वेगळीच गंमत दिसली. 'कष्ट' म्हणजे मेहनत आणि 'कष्टी' म्हणजे दुःखी. 'दुःखीकष्टी' हा जोडशब्द आपण सहज बोलतो, पण अंगाच्या मेहनतीचा शब्द मनाच्या दुःखाला कधी लागला, हे मनात येत नाही. फारसी रंज ज्या वाटेने गेला त्याच वाटेने संस्कृत कष्टही गेला. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते. आम्हाला वाटते, ज्याने पहिल्यांदा हाताचा शब्द मनाला लावला, तो गादीवर बसणारा नसावा.

त्या मुलाचे 'मनोरंजन' कुठून आले, तेही पाहू. संस्कृतात 'रञ्ज्' असा धातू आहे. अर्थ रंगणे, रंग चढणे, आणि मग मन रंगणे, खूश होणे. रंग, रंजन, अनुराग, इतकेच काय रक्त आणि राग हे सगळे त्याच कुळातले. यातल्या 'राग' शब्दाचे तर मराठीने काय करून ठेवले आहे! संस्कृतात तो रंग, ओढ, प्रीती. गाण्यात तो राग. आणि मराठीत तो संताप. बंगाली माणूसही रागावतो तेव्हा रागच म्हणतो. प्रेमाचा शब्द रागाकडे जाऊ शकतो, तर कष्टाचा शब्द दुःखाकडे गेला यात काय नवल? तेव्हा मराठीत दोन रंज आहेत. एक संस्कृतातला, रंगणारा. दुसरा फारसीतला, झिजणारा. कोशांत 'रंजणे' या क्रियापदाचे हे दोन्ही अर्थ मिळतात आणि दुसऱ्या अर्थाचे बोट फारसीकडे जाते. 'रंजीस आणणे', 'रंजीस येणे' हे वाक्प्रचार त्याचेच. जेरीस येणे, मेटाकुटीला येणे असा त्यांचा अर्थ. आणि 'गांजणे' म्हणजे दुसऱ्याने छळणे. सासू सुनेला गांजते, सावकार कुळाला गांजतो. तेव्हा आमच्या समजुतीप्रमाणे रंजला तो झिजून थकलेला आणि गांजला तो छळलेला. दोघांना एकत्र ठेवले की गावकुसाच्या अलीकडची आणि पलीकडची बरीच माणसे त्यात येतात.

फारसीने मराठीला काय दिले हे सांगताना लोक कचेरीतले शब्द मोजतात. अर्ज, फिर्याद, वसूल, जमीन, हजर, दस्तऐवज. बहमनी सत्ता १३४७ साली आली, नंतर निजामशाही, आदिलशाही आल्या, कारभार फारसीत चालला, म्हणून हे शब्द आले, हे खरेच. राज्याचा शब्द घ्यावाच लागतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेही समजण्यासारखे आहे. राज्य आपले तर शिक्क्यावरचा शब्दही आपला हवा. पण 'दिलासा' कोणत्या कचेरीने सक्तीने शिकवला? 'हौस', 'नाराज', 'बेजार', 'हैराण', 'अफसोस' हे कोणत्या फर्मानाने आले? हे शब्द विहिरीवर, पाणवठ्यावर, जात्यापाशी, एका बाईने दुसऱ्या बाईशी बोलताना उचललेले आहेत. दुःख सांगायला आपल्याकडचा शब्द पुरेना, तेव्हा शेजारणीचा घेतला. पीठ-मीठ घेतात तसा.

माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला. फारसीचे प्राध्यापक, गझल मराठीत रुजवणारे कवी. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. लोक याला विसंगती म्हणतात. आम्हाला ते एखाद्या घरातल्या माणसासारखे वाटतात, ज्याने घरातली प्रत्येक वस्तू कुठून आली याची यादी केली आणि मग त्या यादीनेच तो बेचैन झाला.

आणि हे काही पुण्या-मुंबईचेच नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी नर्सी आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून ते ओळखले जाते, लोक दर्शनाला येतात, पंजाबातूनही येतात. नामदेवांच्या रचना शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या तिलंग रागातल्या रचनांत ईश्वराला करीम म्हटले आहे, रहीम म्हटले आहे, गनी म्हटले आहे. त्या शब्दांशेजारी कोणी लाल शाईने 'असंबद्ध' असे लिहिलेले नाही. नर्सीच्या रस्त्याने जाताना आम्हाला त्या प्राध्यापकांची आठवण येते. हा आमच्या मनाचा कोतेपणा आहे, कबूल आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते.

आमची दादी उठता-बसता एक वाक्य म्हणायची, "रंज नक्को करो बेटा." परीक्षेत गुण कमी पडले, रंज नक्को करो. लग्न ठरता ठरता मोडले, रंज नक्को करो. अब्बांच्या शिलाई मशीनचा हप्ता थकला, रंज नक्को करो. अलिगढ-लखनौची उर्दू शिकलेले आमचे एक मामू तिला हसायचे. "आपा, 'नक्को' ये कौनसी ज़बान है?" दादी म्हणायची, "मेरीच."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. 'नक्को' म्हणजे मराठीचे 'नको'. दखनीने ते मराठीतून घेतले, आणि 'मेरीच'मधला 'च'सुद्धा. हैदराबादेत चारमिनारखाली उभा राहून जो माणूस "नक्को मियाँ" म्हणतो, त्याला आपण मराठी बोलतो आहोत हे ठाऊक नसते. आणि 'रंजीस आले' म्हणणाऱ्या बाईला आपण फारसी बोलतो आहोत हे ठाऊक नसते. दादीच्या चार शब्दांत दोन्हींकडचा माल होता. शाळेत ती गेली नव्हती. कुराण शरीफ वाचायची, बाकी अंगठा.

दादी औंढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. त्या वेळी हिंगोली जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. तेव्हा ते परभणीत आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिच्या वडिलांची विहिरीवरची थोडी जमीन होती. हळद, ज्वारी निघायची. हळद शिजवायच्या कढईपाशी लहानपणी ती आईसोबत बसायची. तळहात कायम पिवळे. म्हातारपणीही ती हात पाहायची आणि म्हणायची, धुऊन धुऊन गेली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. दादी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. त्याआधी रझाकारांनी गावोगाव काय केले हे मराठवाड्यातल्या कोणाला सांगायला नको. त्यांनी आपल्याच लोकांनाही सोडले नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारले. आणि १७ सप्टेंबरनंतर काय झाले, हेही झालेच. सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाहणीसाठी मंडळ पाठवले. त्यांच्या अहवालात संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारच्या नांदेडचे नाव आहे. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. तेव्हा दादी हयात होती. आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, "कागज़ में लिखे क्या? अच्छा हुआ." पुढे काही नाही.

तिचे वडील त्या सप्टेंबरात एके दिवशी सकाळी शेतावर गेले ते आले नाहीत. तिला आणि तिच्या आईला एका माळ्याच्या घरी ज्वारीच्या कणगीआड तीन रात्री ठेवले होते. चौथ्या रात्री माळ्याने बैलगाडीत कडब्याखाली घालून हिंगोलीच्या बाजूला आणून सोडले. जमीन राहिली ती राहिली. पुढे ती गावातल्याच दुसऱ्या एका घराकडे गेली. कशी गेली, कागद होता की नव्हता, हे विचारायला या घरात पुरुष उरला नव्हता. दादीची आई लोकांच्या हळदी काढायला जायची आणि दादी तिच्या मागे.

आम्ही दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत ध्वजवंदनाला असतो. मुक्तिसंग्राम दिन. मुलांना स्वामी रामानंद तीर्थ सांगतो, शोएबुल्ला खानही सांगतो. मनापासून सांगतो, निजामाचे राज्य जायलाच हवे होते. दादी असेपर्यंत घरी आल्यावर ती विचारायची, झेंडा झाला का, मुलांना खाऊ दिला का? आम्ही हो म्हणायचो. मग ती म्हणायची, "आज के दिन थोड़ा रंज रहता." बस, एवढेच. वर्षातून एकदा. 'थोड़ा' हा शब्द ती कधी सोडायची नाही.

२०१५ चे साल. मराठवाड्यात सलग दुसरे दुष्काळाचे वर्ष. अब्बांच्या दुकानावर त्या गावचा एक माणूस कपडे शिवायला यायचा. त्याने सांगितले की विहिरीच्या शेतावरच्या घरातला नातू गेला. पंचविशीचा पोरगा. सोयाबीन गेले, कापूस गेला, बँकेचे आणि बाहेरचे असे दोन्ही कर्ज, त्याने औषध घेतले. अब्बांनी घरी येऊन हे अम्मीला हळू आवाजात सांगितले, पण दादीचे कान शेवटपर्यंत तल्लख होते. तिने विचारले, "कुएँवाले घर का?" अब्बा गप्प. तिने नमाजची ओढणी घडी केली आणि आम्हाला म्हणाली, "चल."

अब्बा नको म्हणाले. ६७ वर्षांत ती त्या गावात पाय ठेवायला गेली नव्हती. त्या रस्त्याने एसटी गेली तरी ती खिडकीकडे पाठ करून बसायची. पण ती हट्टी होती. शेवटी आम्ही रिक्षा केली.

दारात मंडप नव्हता, काही नव्हते. दोन खाटा, त्यांवर गावातले पुरुष. बुरख्यातल्या दोन बायका रिक्षातून उतरताना पाहून सगळे गप्प झाले. आम्हाला वाटले कोणीतरी विचारेल, तुम्ही कोण? कोणी विचारले नाही. आत ओसरीवर मुलाची आजी भिंतीला टेकून बसली होती. दादीच्याच वयाची. दादी तिच्यासमोर जमिनीवर बसली. सांधे दुखायचे, खाली बसायला तिला वेळ लागायचा, तरी बसली. आणि मराठीत म्हणाली, "बाई, रंज नको करू."

दादी बाहेर मराठीच बोलायची, चांगली बोलायची. पण तो एक शब्द तिने बदलला नाही. तिला तो मराठीच वाटत असावा. त्या म्हातारीने वर पाहिले. डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "रंजीस आले गं माय. या जिवाला रंजीस आले."

दोघींपैकी एकीलाही वाटले नाही की आपण दुसरीच्या भाषेतला शब्द बोललो. दादीने रंज म्हटले, ते दुःख. म्हातारीने रंजीस म्हटले, ते झिजणे, थकणे, आता पुरे होणे. उर्दूने वाटेत टाकून दिलेला कष्टाचा अर्थ त्या ओसरीवर तसाच बसून होता. आम्ही तेव्हा नुकत्याच बी.एड. झालेल्या, टाचणावरची ती लाल रेघ अजून ताजी होती. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्या डोक्यात पहिला विचार आला तो त्या प्राध्यापकांचा, की ते इथे असायला हवे होते. समोर एका घरातला पोरगा गेलेला आणि आम्हाला शब्दाची व्युत्पत्ती सुचते, याची आम्हाला आजही लाज वाटते.

चहा आला. दादी रोजात नव्हती, तिने घेतला. म्हातारीने विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" दादी म्हणाली, "हिंगोलीच्या." खोटे नव्हते. म्हातारी तिच्या हाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हळदीचं काम केलंय जणू." दादी म्हणाली, "लहानपणी." तेवढेच बोलणे झाले.

निघताना दादी अंगणाच्या टोकाला गेली आणि तिथून विहिरीकडे पाहिले. विहीर होती. मोट गेली होती, मोटार आली होती, आणि पाणी तळाला गेले होते. तिने आम्हाला विचारले, "आम का झाड़ दिखता क्या?" आम्हाला दिसले नाही. आम्ही दिसते म्हणालो.

परतताना रिक्षात आम्ही तिला विचारले. विचारायला नको होते, पण वय तसे होते. म्हटले, दादी, या घराबद्दल तुझ्या मनात रंजिश नाही? तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. रिक्षाच्या आवाजात ऐकू गेले नसेल असे आम्हाला वाटले. मग म्हणाली, "रंजिश थी. बहुत साल थी. तेरे अब्बा को भी नहीं बोली मैं." थोडे थांबून म्हणाली, "आज उसका बच्चा मर गया तो मैं क्या बोलूँ."

यातून रंजिश गेली की राहिली, हे आम्ही आजवर ठरवू शकलो नाही. आपल्या लोकांत अशा गोष्टींचा शेवट 'आणि तिने सगळे माफ केले' असा करायची सवय आहे. सभासंमेलनांत तो टाळ्याही घेतो. आम्हाला तो करवत नाही. ती त्या गावाला पुन्हा गेली नाही. पण त्या वर्षापासून एसटीत खिडकीकडे पाठही केली नाही.

२०१९ मध्ये दादी गेली. गमी झाली, लोक जमले. पुरुष तिला घेऊन गेले, आम्ही दारापर्यंत. अब्बा लहान मुलासारखे रडत होते आणि त्यांना "रंज नक्को करो" म्हणणारे घरात कोणी नव्हते. आम्ही म्हणायला गेलो, तोंडातून निघाले नाही. आमची उर्दू शाळेतली, स्वच्छ. आम्ही 'ग़म न कीजिए' म्हणणारे. 'नक्को' म्हणायला तोंड वळेना. शेवटी अम्मी म्हणाली.

परवाच्या तासाला आम्ही त्या मुलीचे उत्तर फळ्यावर लिहिले, तिच्याच शब्दांत, 'जिनको रंज हुआ, वो', आणि खाली मराठीत 'झिजलेले, थकलेले, दुःखी'. मनोरंजनवाल्या मुलालाही सांगितले की तुझा रंज वेगळ्या घरचा आहे, पण घर चांगले आहे. मग गृहपाठ दिला, हा शब्द तुमच्या घरात कोण, कधी, कसा बोलते ते लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. एकाने लिहिले, नानी म्हणते, रंज मत पालो. एकीने लिहिले, शेजारच्या काकू लहान बाळाला म्हणतात, रंजीस आणलं रे तू. तिघा-चौघांनी सिनेमातली गाणी लिहिली, त्यांना आम्ही रागावलो नाही. पाच जणांनी एकमेकांचे पाहून एकच वाक्य लिहिले होते.

हमालाच्या त्या मुलीने लिहिले होते, 'अब्बा संध्याकाळी मोंढ्यातून येतात तेव्हा.' पुढे ओळ कोरी. आम्ही तिला जवळ बोलावले. म्हटले, काय म्हणतात ते लिहायचे राहिले. ती म्हणाली, "आपा, कुछ नहीं बोलते. बस बैठ जाते."